बघायचं कुणी?

आमच्या घरात दार वाजवून आत जायची पद्धत मी आणली. त्याआधी आमच्याकडे दार ही वस्तू फक्त ओला टॉवेल टाकण्यासाठी होती. सासूबाई कुठल्याही खोलीत वाऱ्यासारख्या शिरायच्या, नवरा आंघोळीला गेला की आतूनच अर्धं घर चालवायचा, आणि मुलगा कपडे बदलत असताना वरच्या काकू वाटीभर साखर मागायला येऊन त्याच्याच पलंगावर टेकायच्या. मग शाळेत पालकांसाठी एक व्याख्यान झालं. ‘मूल दहा वर्षांचं झालं की त्याच्या शरीराचा मालक तोच,’ असं एका चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं. ते वाक्य मी असं काही मनावर घेतलं की घरी येऊन चपला काढायच्या आधी फर्मान काढलं. दार वाजवायचं. आतून ‘ये’ आलं तरच जायचं. सासूबाईंनी आठवडाभर आमटीच्या डावाने दार बडवून मला जेरीस आणलं, पण नियम टिकला. पुढे तर बिल्डिंगमधल्या बायकांना मी जिन्यात उभी राहून या विषयावर मार्गदर्शन करू लागले. आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. एकाच पोरावर प्रयोग केलेला माणूस जगाला शहाणं करायला किती लवकर निघतो!

तर तो रविवार. आदली रात्र आमच्या धाकटीने (वय महिने आठ, दात दीड) गाजवली होती, आणि पहाटे कुठे माझा डोळा लागला होता. उठून दूध तापवत होते तोच थोरला खोलीतून बाहेर आला. थोरला म्हणजे तेरा वर्षांचा. आवाज अर्धा फुटलेला, आणि ओठावर आहे ती मिशी की सावली यावर घरात दोन तट. तो कमरेत वाकून, भिंतीला धरत आला.

“दूध नको मला.”

“का रे?”

“पोट दुखतंय.”

“काल बाहेरचं खाल्लं असशील,” सासूबाई म्हणाल्या.

“नाही गं आजी.”

“मग घरचं बाधलं असेल,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात तो मोरीकडे धावला आणि ओकला. माझ्या स्वयंपाकावरचा आरोप सिद्ध झाल्यासारखं वातावरण तयार झालं. सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी काढली, मी त्याला झोपवलं, धाकटीने भोकाड पसरलं. पिशवी घेऊन मी त्याच्या दाराशी गेले, दार वाजवलं, परवानगी मिळाली. तो भिंतीकडे तोंड करून गुडघे छातीशी घेऊन पडला होता.

“आई, पोट नाही.”

“मग काय?”

“खाली.”

“पाय?”

“पायाच्या वर.”

“गुडघा?”

“आई!” तो भिंतीलाच म्हणाला. “पोट आणि पाय यांच्या मधे काय असतं माणसाला?”

मला कळलं. आणि मला कळलंय हे त्याला कळलं, तसं आम्ही दोघांनी मिळून कपाटावरच्या जुन्या ग्लोबकडे बघायला सुरुवात केली.

इथे मी थोडी थांबते. पुढचं सगळं मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं, पण वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं. मुलांच्या अंडकोषात जी वृषणं असतात, त्यातलं प्रत्येक एका दोरीला टांगलेलं असतं. त्याला लागणारं रक्त त्या दोरीतूनच जातं. कधी कधी, विशेषतः या वयात, काही लागलं नाही, कुणी मारलं नाही, तरी झोपेतसुद्धा ते आपोआप गर्रकन फिरतं आणि दोरीला पीळ पडतो. रक्त थांबतं. अचानक, मरणाचं दुखतं, उलटी होते, एक बाजू सुजून वर चढते. पीळ सोडवायला साधारण सहा तास मिळतात. त्यात सोडवला तर बहुतेक वेळा वाचतं, मग मात्र तासागणिक हातातून जातं. माझ्या मुलाचे सहा तास कधीच सुरू झाले होते. मी मात्र ग्लोब बघत होते.

“दाखव बघू,” मी शेवटी म्हटलं.

“नाही!”

“अरे, मी तुला जन्म दिलाय.”

“तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.”

सासूबाई दाराबाहेरूनच म्हणाल्या, “मी बघते. लंगोट धुतलेत मी याचे.” आतून उशी दारावर येऊन आदळली. “बाबांना दाखवीन,” तो म्हणाला. “बाबाच बघतील.”

बाबा गावात नव्हते. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, आणि लिफ्ट नेमक्या दुसऱ्यांच्या गावात बिघडतात. फोन लावला तर त्याचा आवाज विहिरीतून यावा तसा आला.

“चेंडू लागला असेल गं.”

“तो म्हणतो, नाही लागला.”

“कधी कधी लागलेला कळत नाही.”

“कळत नाही?”

“कळतो. फार कळतो. पण मुलं सांगत नाहीत. मला लहानपणी दोनदा लागलाय. बसतं खाली आपोआप. झोपू दे त्याला, संध्याकाळी येतोच आहे मी. मग बघतो.”

आता आमच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. रविवारी दुपारपर्यंत उघडा असतो. आमच्या गॅलरीतून त्याची पाटी दिसते, चष्मा नसला तरी दिसते. थोरल्याची प्रत्येक लस, प्रत्येक गोवर-कांजिण्या, नाकात गेलेला शेंगदाणा, सगळं त्यांच्या हातचं. मी धाकटीला कडेवर घेतलं आणि म्हटलं, “चल, डॉक्टरबाईंकडे जाऊ.”

“त्या बाई आहेत.”

“त्या डॉक्टर आहेत.”

“बाई आहेत. मी त्यांना नाही दाखवणार. आई, तूच म्हणतेस ना, माझ्या शरीराचा मालक मी?”

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला चक्क अभिमान वाटला. पोर वेदनेने वाकडं झालंय आणि तरी माझी शिकवण त्याच्या तोंडात शाबूत आहे! व्याख्यानवाल्या बाई समोर असत्या तर त्यांनी मला व्यासपीठावर बोलावलं असतं. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, “बरं. पुरुष डॉक्टर शोधू आपण.”

झालं. दोन मिनिटांवरचा दवाखाना सोडून मी रविवारच्या दिवशी, कडेवर मूल घेऊन, ‘पुरुष असणे’ एवढ्या एकाच पात्रतेचा डॉक्टर शोधायला निघाले.

असल्या कामाला आमच्या बिल्डिंगमध्ये एकच माणूस. सेक्रेटरीकाका. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी पाण्याची टाकी, पार्किंग आणि इतरांचे आजार ही तीन खाती स्वतःकडे ठेवली आहेत. मी फक्त “थोरल्याला जरा खाली दुखतंय” एवढं म्हटलं, तर ते खुर्चीतून उठलेच.

“हर्निया!”

“पण काका, अजून कुणी बघितलंच नाही.”

“बघायचं काय त्यात? मला झाला होता ना. हे बघ, इथून इथपर्यंत…” असं म्हणत त्यांनी सदरा वर केला आणि पायजम्याच्या नाडीला हात घातला.

“अहो!” आतून काकू ओरडल्या. “प्रत्येकाला दाखवायचा असतो का तो?”

माझ्या मुलाच्या नशिबी दाखवायची लाज, आणि काकांच्या नशिबी कुणी बघत नाही याचं दुःख. जगात वाटप हे असंच होतं.

काका खाली आले आणि थोरल्याच्या बंद दाराबाहेर उभं राहून त्यांनी चौकशी सुरू केली. “बाळा, उजवीकडे की डावीकडे?” आतून फक्त पलंग करकरला. “खोकल्यावर वाढतं का? जरा खोकून दाखव.” तोवर जिन्यात समोरचा जिमवाला आला. हा तरुण दिवसभर लोकांकडून वजनं उचलवून घेतो. त्याने निदान केलं, “स्नायू खेचला असेल वहिनी, बर्फ लावा.” सासूबाई म्हणाल्या, “बर्फ? गारठेल की मेलं पोर! शेकच हवा.” काकांनी पाय उशीवर उंच ठेवायला सांगितलं. कुणाचंच मन मोडू नये म्हणून मी सगळंच केलं. आधी शेक, मग बर्फ, मग उश्या, मग पुन्हा शेक. अर्ध्या सकाळीत त्या पोराच्या अंगावरून तिन्ही ऋतू जाऊन आले. तो ओठ चावून पडून होता. एकदाच म्हणाला, “आई, कुणीतरी मिळाला का?”

“मिळाला!” बाहेरून काका गरजले. “अगदी अनुभवी माणूस. हात इतका हलका की कळतसुद्धा नाही. आणि पुरुष. शंभर टक्के.”

धाकटीला सासूबाईंकडे सोपवून आम्ही काकांसकट टॅक्सी केली. प्रत्येक खड्ड्याला थोरला माझा दंड आवळत होता. काकांच्या त्या अनुभवी माणसाचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि मी मुलाला धरून एकेक पायरी चढवतेय. बाहेर चारपाच माणसं गालाला हात लावून बसली होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. काकांच्या ओळखीवर आम्हाला लगेच आत घेतलं, थोरल्याला एका उंच खुर्चीत बसवलं, खुर्ची घर्रकन मागे गेली, डोक्यावर दिवा लागला.

“आ कर,” डॉक्टर म्हणाले.

त्याने मुकाट्याने आ केला. इतक्या वेळाने कुणी पुरुष काही तपासायला मागतोय, तर तेवढं तरी दाखवावं, असं त्याला वाटलं असावं.

“कुठला दात?”

मी पुढे होऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. डॉक्टरांनी हातमोजे काढले.

“बाई, मी दातांचा डॉक्टर आहे.”

“पण तुम्ही पुरुष आहात ना?”

बाहेरच्या गालसुजऱ्यांपैकी कुणीतरी फस्सकन हसलं. मी आयुष्यात बरीच वाक्यं बोलले आहे, पण ते वाक्य माझ्यामागे अजून लागलंय. भाजी चिरताना मधेच आठवतं आणि सुरी थांबते.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्ची सरळ केली आणि विचारलं, “उलटी झाली? अचानक सुरू झालं?” मी हो म्हटलं. “हे माझं काम नाही, पण थांबू नका. मोठ्या हॉस्पिटलला जा. आत्ता.”

“हर्नियाच ना डॉक्टर?” काकांनी विचारलं. डॉक्टरांनी आमच्यासाठी स्वतः दार उघडून धरलं.

टॅक्सीत अर्ध्या वाटेवर थोरल्याने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. “आई, आता जरा कमी वाटतंय.”

किती बरं वाटलं मला! छातीवरचा धोंडा उतरला. काका पुढच्या सीटवरून वळले. “बघ, मी म्हटलं नव्हतं हात हलका आहे म्हणून?” मी त्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत मनात देवाचे आभार मानले. दुखणं कमी होण्याचा दुसराही एक अर्थ असतो. फार वेळ रक्त न मिळालेली गोष्ट पुढे पुढे ओरडायचीच थांबते. हे मला माहीत असतं तर मी त्या टॅक्सीतून उतरून धावत सुटले असते. पण मला वाटलं, उतार पडला.

हॉस्पिटलच्या खिडकीशी रांग. काचेमागच्या मुलीने न बघता विचारलं, “इमर्जन्सी आहे का?”

मी थोरल्याकडे पाहिलं. तो बाकावर शांत बसला होता.

“नाही तशी,” मी म्हटलं. “आता बरं वाटतंय त्याला.”

हे उत्तर माझं. काकांचं नाही, नवऱ्याचं नाही, सासूबाईंचं नाही. इतर सगळ्या चुकांना मला भागीदार सापडतात. याला नाही.

“तक्रार काय?”

माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांची हनुवटी जवळजवळ माझ्या खांद्यावर होती. त्यांच्यामागे दोन बायका, त्यांच्यामागे एक आजोबा कानामागे तळवा धरून. मी आवाज खाली आणला.

“पोट.”

“हर्निया!” मागून काका.

“पोट लिहू की हर्निया?”

“पोटच लिहा.”

पोट लिहिलं गेलं, म्हणून पोटाच्या विभागाचा नंबर मिळाला. पोटाच्या विभागात बसलेल्या नर्सने कागद पाहून सांगितलं की पोटाची सोनोग्राफी लागणारच, तेव्हा आधीच बाटलीभर पाणी पाजून ठेवा, लघवी लागली की मगच ती होते. काकांनी उत्साहाने दोन बाटल्या आणल्या. पोरगं घोट घोट पाणी पीत होतं, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. “लागली का?” काका दर घोटाला विचारत. शेवटी लागली, तर कळलं की सोनोग्राफीवाले जेवायला गेलेत. मी उठून तावातावाने भांडले. नर्सने शांतपणे विचारलं, “पण मॅडम, तुम्हीच इमर्जन्सी नाही म्हणालात ना?”

आमचा नंबर आला. पोटाचे डॉक्टर पन्नाशीचे, जाड भुवयांचे, निर्विवाद पुरुष. त्यांनी पोट दाबलं. इकडे दाबलं, तिकडे दाबलं. “पोट तर मऊ आहे. काय रे, नक्की कुठे?”

थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या आतड्यांच्या तक्त्याकडे तोंड फिरवलं. मागे पडदा ओढल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. मग फोन उचलल्याचा. दिवसभराच्या वणवणीनंतर अखेर हाती लागलेला पुरुष. त्याने अर्धं मिनिट बघितलं आणि एका बाईला फोन लावला.

ती धावत आली. माझ्यापेक्षा लहान असेल, पायात खेळायचे बूट, केस कसेतरी बांधलेले. तीच सर्जन. मला ओलांडून सरळ पडद्याआड गेली आणि तिने आधी त्यालाच विचारलं, “मी बघू का?”

“बघा,” माझा मुलगा म्हणाला. “कुणीही बघा. फक्त थांबवा हे.”

पुढचं सगळं चालता चालता झालं. ती त्याच्या खाटेबरोबर चालत होती, मी तिच्याबरोबर, काका आमच्याबरोबर. पीळ पडलाय, ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता ऑपरेशन. वाचत असेल तर सोडवून टाक्यांनी जागेवर बसवू. नसेल वाचत तर काढावं लागेल. दुसरी बाजूही टाके घालून पक्की करू, म्हणजे ती तरी कधी फिरणार नाही. मग तिने विचारलं, “दुखायला कधी लागलं?”

“सकाळी,” मी म्हटलं. “उठल्यावर.”

“नाही,” थोरला खाटेवरून म्हणाला. “त्याच्या आधी. अंधार होता तेव्हा.”

“अरे, मग उठवायचं नाही का मला?”

“आलो होतो मी. दार वाजवलं. हळूच वाजवलं, ताई नुकती झोपली होती म्हणून.” धाकटीला तो ताई म्हणतो, ती त्याला काहीच म्हणत नाही. “तू ‘ये’ नाही म्हणालीस. मग परत गेलो.”

मी चालत राहिले. चालण्याशिवाय तिथे करण्यासारखं काही नव्हतं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. “भरपेट पाणी कुणी पाजलं याला?” काका एका खांबामागे गेले. कारकुनाला सहीसाठी वडील हवे होते. “वडील लिफ्टमध्ये आहेत,” मी म्हटलं, तर तो म्हणाला, “मग येऊ द्या वर, थांबतो.” सर्जनबाईंनी त्याच्या हातातला कागद ओढून माझ्यासमोर धरला. “आई आहे ना समोर? पाण्याचं आम्ही सांभाळतो. आता एक मिनिट नाही.” मी सही केली. माझी सही मला एरवी बऱ्यापैकी येते.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच समजलं. माझ्याशेजारी टेकली. म्हणाली, “पीळ सोडवला. मग गरम ओल्या कापडात गुंडाळून थांबलो, रंग परत येतो का बघत. थोडं जास्तच थांबलो. नाही आला.” मग तिने भराभर चांगल्या गोष्टी सांगितल्या. दुसरं उत्तम आहे. एक पुरतं माणसाला. दाढीमिशा येतील, लग्न होईल, मुलं होतील, खेळेल, धावेल. मी मान डोलवत होते, पण माझं सगळं लक्ष त्या गरम कापडात अडकलं होतं. गरम कापडात गुंडाळून, श्वास रोखून वाट बघत बसायचं काम तर माझं. ते परक्या माणसांनी केलं, आणि मी बाहेर बसले होते.

नवरा संध्याकाळी येऊन पोचला, तो अंगावर ग्रीस तसंच. सगळं ऐकून घेतलं. भिंतीला टेकून म्हणाला, “दोराला पीळ पडलाय अशी वर्दी आली ना, तर आम्ही हातातला घास टाकून पळतो. कुणी ‘संध्याकाळी बघू’ म्हटलं तर मी त्याची नोकरी घालवीन.” त्यानंतर या विषयावर तो बोललेला नाही. मीही त्याला बोलायला लावलेलं नाही.

चार दिवसांनी डॉक्टरबाईंना सांगायला गेले, म्हणजे खरं तर बोलणी खायला गेले. त्यांनी बोलणी दिली नाहीत, तेच जास्त लागलं. पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, “मी बघायची गरजच नव्हती गं. तू त्याला गाडीत ठेवून एकटी दारात आली असतीस, आणि ‘तेरा वर्षांचा, एकदम दुखायला लागलं, ओकला’ एवढं म्हणाली असतीस, तरी मी चपला न घालता तुमच्याबरोबर निघाले असते. त्याची लाज त्याच्याकडे राहिली असती. लाज राखायला वेळ घालवावा लागत नाही.”

बिल्डिंगमध्ये तोवर ‘हर्नियाची यशस्वी शस्त्रक्रिया’ झाली होती. सेक्रेटरीकाकांनी तशी सूचना फळ्यावर लावली, खाली स्वतःच्या अनुभवाच्या चार ओळी जोडल्या. दुरुस्ती करू का, असं मी थोरल्याला विचारलं. म्हटलं, तुझं आहे, तू ठरव.

“तिसऱ्या मजल्यावरचा बारक्या आहे ना, माझ्याएवढा होत आलेला, त्याच्या आईला खरं सांग. आणि माझ्या वर्गातल्या दोघांना मी सांगतो. बाकीच्यांना हर्नियाच असू दे. काका किती खूश आहेत.”

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. बारक्याच्या आईला बसवून सगळं अवयवाच्या नावासकट सांगितलं. ज्या जिन्यात मी शरीराच्या मालकीवर भाषणं ठोकली होती, त्याच जिन्याने खाली उतरताना एकही शब्द सुचेना.

राहिली मलमपट्टी. हॉस्पिटलने सांगितलं होतं, घरी रोज बदला, जखम कोरडी ठेवा. अर्थातच ते काम बाबांचं ठरलं. पहिल्या दिवशी बाबा आत गेले, दार लागलं. बारा मजल्यांच्या पोकळीत लोंबकळून काम करणारा माणूस. तो थोड्याच वेळात पांढराफटक होऊन बाहेर आला आणि सोफ्यावर आडवा झाला. त्याच्या हातात कापूस तसाच होता.

आतून आवाज आला, “आई, तू ये.”

मी हात धुऊन गेले. त्याने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली होती.

“तूच कर,” तो म्हणाला. “पण बघायचं नाही.”

“नाही बघत,” मी म्हटलं, आणि खरोखर डोळे घट्ट मिटले. कापूस भिजवला, हात पुढे केला, जपून टेकवला.

“आई, ती मांडी आहे.”

“बरं.”

“आता चादर पुसतेयस.”

“अरे, मग सांग ना कुठे.”

तो हसायला लागला. हसताना टाके ओढले तसा कळवळला. कळवळताना पुन्हा हसला. सोफ्यावरून बाबा क्षीण आवाजात म्हणाले, “काय झालं?” आणि त्याला आणखीच हसू आलं. मी डोळे मिटूनच बसले होते. डोळे मिटलेलेच बरे होते, कारण ते भरून आले होते. मग हसणं ओसरलं. चादर सरकल्याचा आवाज आला.

“बघ,” तो म्हणाला. “काही नाही होत. बघ आता.”

मी डोळे उघडले. टाके बघितले, कोरडे होते. कापूस फिरवला, पट्टी लावली, कडा दाबून चिकटवल्या, आणि चादर त्याच्या गळ्यापर्यंत परत ओढून दिली.

एक मिनिटसुद्धा लागलं नाही.